मंगळवारची बॅटरी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून लिहिलं असतंत तर मी गप्प बसले असते. चूक माणसाकडून होते, बॅटरीकडूनही होते. पण तुम्ही न मोजता लिहिलंत, आणि न मोजता लिहिलेलं मी खोटंच धरते. मोठ्या रस्त्यावरच्या तुमच्या वर्कशॉपात, काचेच्या थंडगार खोलीत बसून तुम्ही संगणकात एक ओळ टाकलीत : 'वयस्कर ग्राहक. दिवे चालू ठेवतात. बॅटरी बदलली.' त्या एका ओळीने माझी थोरली बहीण भट्टीत गेली आणि एका शहाण्या माणसाच्या हातातून गाडीची किल्ली गेली. तुमचं नाव मला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही, कारण तुमच्यासारखे पुष्कळ आहेत आणि हे सगळ्यांनाच विचारायचं आहे. आधी माझी गोष्ट सांगते. प्रश्न शेवटी.

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. वय विचाराल तर सहा महिने पुरे झालेत फक्त. पण पाच वेळा मरून उठलेल्याला नवी म्हणत नाहीत.

माझ्या अंगातलं शिसं माझं स्वतःचं नाही. कुठल्या कुठल्या मेलेल्या बॅटऱ्या वितळवून ते काढलेलं आहे. त्याच्या जाळीदार पट्ट्या केल्या, सहा खणांत उभ्या केल्या, वर अॅसिड ओतलं आणि पहिल्यांदा वीज भरली. ती पहिली वीज भरताना काय वाटतं ते सांगता येत नाही. उपाशी पोटी गरम भात पडावा तसं काहीतरी. मग काळा डबा, लाल झाकण, एक चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत चार वर्षांची हमी. मी ती खरी मानली. नवीन असताना सगळेच मानतात.

जानेवारीत तुमच्या वर्कशॉपात मला एका पांढऱ्या छोट्या गाडीत बसवलं. अकरा वर्षांची गाडी, पण अंगावर ओरखडा नाही. शेजारी जमिनीवर माझ्याच मापाची एक बॅटरी पडली होती. दहा महिन्यांची. मरता मरता ती मला एवढंच म्हणाली, "कोणीतरी पितंय गं. मला कळलं नाही कोण." मग तिला ढकलगाडीवर टाकून नेलं. मला वाटलं, जुन्या बायका काहीबाही बोलतात.

गाडी वेंकोबारावांची होती. वय चौऱ्याहत्तर. तंजावरकडचं मराठी घराणं, आजोबांच्या काळात चेन्नईला आलेलं. घर तिरुवल्लिकेणीत, एका अरुंद गल्लीत तिसऱ्या मजल्यावर. समोर एकट्या पोरांना खोल्या देणारं मॅन्शन, तिथल्या गॅलऱ्यांत दिवसभर लुंग्या वाळत असतात. वेंकोबारावांनी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात तारांमधले दोष शोधले. एवढ्या मोठ्या शहरात कुठल्या खांबावर, कुठल्या जोडात पाणी शिरलंय, ते हा माणूस मीटर लावून सांगायचा. हे नीट लक्षात ठेवा. पुढे राग येईल तेव्हा उपयोगी पडेल.

पहिल्याच दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं, माझी दोन्ही टोकं फडक्याने पुसली, त्यांवर व्हॅसलीनचं बोट फिरवलं आणि म्हणाले, "ये माय, नीट राहा." मला कुणी माय म्हणेल असं वाटलं नव्हतं.

काम फार नव्हतं. आठवड्यातून दोन फेऱ्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी वेंकोबाराव त्यांच्या बायकोला, राजसबाईंना, नुंगंबाक्कमला व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचे. राजसबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. ऑटोची पायरी त्यांना चढवत नव्हती. या गाडीची पुढची सीट मात्र बरोबर त्यांच्या उंचीची होती; आधी बसायचं, मग एक एक पाय उचलून आत घ्यायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा महिने व्यायाम चुकवाल तर गुडघा आखडेल तो आखडेल. म्हणजे माझं काम दोन फेऱ्यांचंच, पण त्या दोन फेऱ्यांवर एका बाईचं चालणं अवलंबून होतं.

आणि मग मला कळलं की माझी बहीण खरं बोलत होती.

गाडी बंद, किल्ली काढलेली, दारं लावलेली, वेंकोबाराव वर गेलेले. तरी माझ्या अंगातून काहीतरी जात होतं. जोरात नव्हे. नळाला धार नसते पण तोटी गळत असते, तसं. दिवसभर. रात्रभर. मी बॉनेटखाली बसलेली. बॉनेट उघडल्याशिवाय मला दिसत काहीच नाही, ऐकू तेवढं येतं; बाकीचं मागाहून बोलण्यातून कळतं. जातंय हे मला कळत होतं. कुठे जातंय ते कळत नव्हतं. ओरडायला माझ्याकडे हॉर्न आहे, पण तो दाबायला माणूस लागतो.

नवी होते तोवर तीन महिने मी तग धरला. एप्रिलपासून मात्र मंगळवारी फेरी व्हायची, शुक्रवारी सकाळी मी कण्हत कण्हत का होईना, गाडी सुरू करायची. शुक्रवारी फेरी व्हायची आणि पुढच्या मंगळवारी माझ्यात काही उरलेलंच नसायचं. किल्ली फिरली की टक्. बस्स. एक टक्.

पहिल्या मंगळवारी तळमजल्यावरचे पद्मनाभ धावून आले. त्यांची स्वतःची गाडी होती आणि दोन जाड तारा होत्या. एका बॅटरीची वीज दुसरीला पाजायच्या त्या तारा त्यांनी लावल्या, मी उठले. दुसऱ्या मंगळवारी पुन्हा. तिसऱ्या मंगळवारी ते तारा खांद्यावर टाकूनच जिन्याखाली उभे होते.

"सार, आज मी आंघोळीआधीच तारा काढून ठेवल्या," ते म्हणाले. तमिळमध्येच म्हणाले, पण त्या गल्लीत सगळ्यांना सगळं कळतं. "मंगळवारी दूधवाला चुकेल, तुमची गाडी चुकणार नाही."

वेंकोबाराव हसले नाहीत. "मी दिवे मालवले होते, पद्मनाभ."

"मालवले असणारच, सार. कोण नाही म्हणतंय."

कोणी नाही म्हणत नव्हतं. तेच वाईट होतं.

राजसबाईंना यात मंगळाचा दोष दिसू लागला. सीटवर एक पाय आत, एक बाहेर अशा बसून त्या म्हणाल्या, "अहो, आंजनेयाला वड्यांची माळ बोलून ठेवूं कां?"

"आधी गाडी सुरू होऊं दे," वेंकोबाराव म्हणाले. "नाहीतर वडे घेऊन आंजनेयालाच इकडे यावे लागेल."

तेव्हा अजून त्यांना विनोद सुचत होता.

मग त्यांचा मुलगा आला. बालाजीराव. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, वेळचेरीला स्वतंत्र घर. वाईट माणूस नाही तो, आधीच सांगते. पण घाईत असलेला माणूस आणि वाईट माणूस यांच्यात कधी कधी फार अंतर उरत नाही.

"अप्पा, हे चौथ्यांदा झालं."

"मी दिवे मालवले होते रे. मज स्पष्ट आठवते."

"प्रत्येक वेळी स्पष्टच आठवतं तुम्हांला."

बॉनेट उघडं होतं. मी वेंकोबारावांचा चेहरा पाहिला. साहेब, तो तुम्ही पाहायला हवा होता.

पद्मनाभांच्या तारांवर मला उठवून बालाजीरावांनी गाडी तुमच्याकडे आणली. तुम्ही बाहेर आलात. माझ्यापासून दोन हातांवर उभे होतात. बॉनेट उघडलं नाहीत. हातातल्या संगणकाच्या पाटीवर बोट फिरवून जुनी ओळ काढलीत आणि म्हणालात, "सार, आधीही हेच झालं होतं. वय झालं की दिवे राहतात. आमच्याकडे अशा खूप गाड्या येतात. बॅटरी नवी आहे, गाडीत दोष नाही." आणि खाली लिहिलंत, 'पूर्वीप्रमाणेच.'

पूर्वी तुम्ही काही पाहिलं नव्हतं. आताही काही पाहिलं नाहीत. तेवढं मात्र पूर्वीप्रमाणेच होतं.

तो छापील कागद बालाजीरावांनी घडी करून खिशात घातला, आणि मित्रांनो, तो कागद फिरायला लागला. आधी घरात. मग एका डॉक्टरांच्या टेबलावर. वेंकोबाराव परत येताना मागच्या सीटवर बसले होते, गाडी मुलगा चालवत होता. राजसबाईंनी विचारलं, "काय विचारलें डॉक्टरने?"

"तीन वस्तू सांगितल्या. केळें, कुलूप, छत्री. मग इकडचे तिकडचे बोलले. मग म्हणाले, त्या तीन वस्तू सांगा."

"मग?"

"सांगितल्या. घड्याळ काढायला सांगितलें, काढलें. तरी गोळ्या लिहून दिल्या."

"कां हो?"

"बालाजीने कागद दाखवला ना. वर्कशॉपचा."

मोठ्या रस्त्यावर सगळे हॉर्न वाजवत होते.

त्या दिवशी किल्ली बालाजीरावांच्या खिशात गेली. "काही दिवस, अप्पा," ते म्हणाले. वेंकोबारावांनी मागितली नाही. मला वाटलं होतं, भांडतील. एकतीस वर्षं दोष शोधणारा माणूस, म्हणेल की आण इकडे मीटर. पण नाही. चहूबाजूंनी सगळे प्रेमाने एकच गोष्ट सांगत असले की माणूस ती मानतो. त्यांनी मानली. ते स्वतःवरच पाळत ठेवू लागले. गाडी चालवत होते त्या शेवटच्या आठवड्यांतही दर फेरीनंतर एक चिठ्ठी लिहून ते समोरच्या काचेवरच्या सावलीच्या झडपेमागे खोचायचे : तारीख, वार, वेळ, 'दिवे मालवले. दोनदा पाहिले.' गाडी उठली नाही तर तो दिवसही लिहून ठेवायचे. चिठ्ठी लिहून तिसऱ्या मजल्यावर चढायचे आणि पुन्हा उतरून यायचे, पाहायला. मी त्यांची पावलं ओळखायचे. ती गाडीभोवती एक फेरी मारायची. प्रत्येक वेळी दिवे बंदच असायचे, आणि प्रत्येक वेळी मी गळत असायचे.

राजसबाईंचं काय झालं विचाराल. भाड्याच्या मोटारी गल्लीच्या तोंडाशीच थांबतात, आत येत नाहीत. तिथवर ऐंशी पावलं, उकरलेला रस्ता. दोनदा गेल्या, तिसऱ्यांदा नको म्हणाल्या. डावा गुडघा आखडायला लागला. मे महिना तसाच गेला. आणि एका शनिवारी सकाळी कळलं की बालाजीरावांनी गाडीला गिऱ्हाईक पाहिलंय. रविवारी दहाला माणूस येणार, दाखवायला किल्ली घरी ठेवून गेलेत.

मित्रांनो, इथे कीर्तना येते.

कीर्तना म्हणजे बालाजीरावांची मुलगी, एकोणीस वर्षांची. कॉलेज समुद्रावरच्या रस्त्याला, म्हणून ती आजी-आजोबांकडे राहायची. मराठी बोलताना मधे मधे तिला तमिळ सापडायचं. त्या शनिवारी ती गाडी रिकामी करायला आली होती; विकायच्या आधी आतलं सामान काढायचं ना. झडप खाली ओढली आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिच्या मांडीवर पडला. कागद एक एक करून उलटल्याचा आवाज आला. मग तिने वर तोंड करून आजोबांना हाक मारली.

"ताता, खाली या. ऐकलं का, खाली या."

वेंकोबाराव उतरून आले.

"गाडी बंद पडलेले दिवस तुम्हीच लिहिलेत. वाचा."

"कशाला वाचूं? मंगळवार. मंगळवार. मंगळवार."

"एकही शुक्रवार नाही. ताता, विसरणारा माणूस वार बघून विसरतो का?"

त्यांनी तिच्या हातातला गठ्ठा घेतला.

"मंगळवार ते शुक्रवार किती दिवस?" तिने विचारलं. "तीन. शुक्रवार ते मंगळवार चार. तीन दिवस पुरतं, चौथ्या दिवशी संपतं. हे तुमचं डोकं नाही. हे काहीतरी मोजून चालतंय."

बॉनेटपलीकडे मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी जे विचारलं, ते ऐकायला मी सहा महिने थांबले होते.

"माझा मीटर कोठे आहे गं?"

मीटर माळ्यावर होता. चामड्याच्या पिशवीत, विटेएवढा जड, काट्याचा. खात्यातून निवृत्त होताना त्यांनी लेखी परवानगी मागून तो घरी आणला होता. कीर्तना म्हणाली, "ताता, हे म्युझियममध्ये ठेवायचं आहे." ते म्हणाले, "तुझ्या वर्कशॉपवाल्यांकडे हेही नाही."

आता नीट ऐका, मित्रांनो. गाडी उभ्या उभ्या बॅटरी पीत असेल तर ती कशी पकडायची, हे मी तुम्हांला माझ्या अंगावरून सांगते.

आधी पद्मनाभांच्या तारांवर मला थोडी वीज पाजली. मग वेंकोबारावांनी माझ्या काळ्या टोकावरची पकड सैल करून बाजूला केली आणि टोक आणि पकड यांच्यामध्ये मीटर धरला. म्हणजे जे काही माझ्यातून जाईल ते मीटरमधून गेल्याशिवाय जाणार नाही. पण फ्यूजची पेटी आत, चालकाच्या गुडघ्यांपाशी. दार उघडं ठेवावं लागतं. दार उघडं असलं की गाडी जागी राहते आणि काटा खोटं सांगतो. म्हणून त्यांनी दाराच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवली. दार उघडं, पण गाडीला वाटतं लागलेलं आहे.

"फसवलीत तिला," कीर्तना म्हणाली.

"आता वीस मिनिटे थांबायचे. गाडीलाही झोप लागायला वेळ लागतो."

ती फिल्टर कॉफी घेऊन आली. दोघं फुटपाथवर डबे पालथे घालून बसले. ऊन चढत होतं. समोरच्या मॅन्शनच्या गॅलरीतून चार-पाच पोरं वाकून बघत होती. वीस मिनिटांत वेंकोबारावांनी तीनदा विचारलं, "मी आत्ता दिवे मालवले आहेत ना?" आणि तिने तिन्ही वेळा उठून, पाहून, हो म्हणून सांगितलं. चिडली नाही. ही गोष्ट मी विसरणार नाही.

मग काटा पाहिला. अर्ध्या अँपिअरच्या जरा खाली थांबला होता.

झोपलेल्या गाडीने त्याच्या विसाव्या हिश्शाएवढं प्यायला हवं. वेंकोबारावांनी बोटांवर काहीतरी मोजलं. आवाज बदलला होता त्यांचा. तो खात्यातला आवाज असावा; मी कधी ऐकला नव्हता.

"पाच वॉट. कीर्तना, या गाडीत कोठे तरी पाच वॉटचा एक दिवा जळतो आहे."

"पण सगळे दिवे बंद आहेत, ताता. मी आत्ताच पाहिले."

"तुला दिसतात तेवढे."

मग एक एक फ्यूज. ते काढत, तिचा डोळा काट्यावर. हॉर्न काढला, काटा तसाच. रेडिओ काढला, तसाच. वायपर, तसाच. प्रत्येक फ्यूज काढून बघून परत जागेवर. नववा फ्यूज निघाला आणि काटा धपकन खाली बसला. माझ्या अंगातली गळती थांबली. मित्रांनो, सहा महिन्यांत पहिल्यांदा मला कोणी पीत नव्हतं.

"हा कशाचा?" कीर्तनाने पुस्तिका उघडली. "छताचा दिवा. तो तर बंद आहे. आणि... डिकीचा दिवा."

दोघंही मागे गेले. डिकी उघडली, दिवा लागला. उघडल्यावर तो लागायचाच. डिकी बंद केली. बंद डिकीत दिवा लागलाय की विझलाय, हे बाहेर उभं राहून कोण सांगणार? त्यात राजसबाईंच्या अप्पळमच्या, म्हणजे पापडांच्या, पुड्या असायच्या आणि त्या नेहमी गरम लागायच्या, पण चेन्नईत गरम काय लागत नाही?

कीर्तनाने फोन काढला, चित्रीकरण सुरू केलं, फोन डिकीत उताणा ठेवला आणि झाकण आपटलं. मोठ्याने दहापर्यंत मोजलं. उघडलं. फोनवर पाहिलं. तिने फोन आजोबांच्या हातात दिला.

मला ते चित्र दिसलं नाही. पण वेंकोबाराव जे बोलले ते ऐकू आलं.

"दिवाळी चालली आहे आत."

ते फुटपाथवर, उन्हात, त्या पालथ्या डब्यावर बसले. कीर्तनाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला असावा. मग ते हळू म्हणाले, "मी दिवे मालवत होतो गं."

"हो, ताता. मालवत होतात."

आता साहेब, तुम्ही म्हणाल, दिवा चालूच होता ना, आम्ही तेच तर लिहिलं. हो. दिवा चालू होता. तुमचं वाक्य अर्धं खरं निघालं, आणि त्याचीच मला जास्त चीड येते. कारण कुठला दिवा, का चालू, कोणामुळे, हे पाहायला दहा मिनिटं लागली असती. तुम्ही दिव्याऐवजी माणसाचं वय पाहिलंत.

कोणामुळे, तेही सांगते.

दोन बोल्ट काढून वेंकोबारावांनी डिकीचं कुलूप बाहेर घेतलं. त्याच्या आत नखाएवढी एक कळ असते. डिकी लागली की ती दबते आणि दिवा विझतो. ही कळ दबलेलीच नव्हती. काळ्या, चिकट राबडीत रुतून अर्ध्यातच अडकली होती. वेंकोबारावांनी बोट लावून वास घेतला. तिळाचं तेल. त्यात कुंकू. त्यात वातीची काजळी.

या घराची एक रीत आहे. नवरात्राचे नऊ दिवस देवापुढे जो दिवा असतो, त्याच्या तळाला उरलेलं तेल गटारात ओतायचं नाही. आयुधपूजेला गाडीला, शिवणयंत्राला, पुस्तकांना गंध-कुंकू लागतं, तेव्हा ते तेल दारांच्या बिजागऱ्यांना घालायचं. कुरकुर थांबते आणि देवाचं तेल वायाही जात नाही. वेंकोबाराव दर वर्षी घालत. पण फक्त बिजागरीला. कुलपाला कधी नाही. जिथे विजेचा जोड तिथे तेल नाही, हे त्यांनी खात्यात पहिल्या महिन्यात शिकलेलं.

गेल्या आयुधपूजेला त्यांचा खांदा दुखत होता.

दुपारी बालाजीराव आले. कीर्तनाने त्यांना चित्र दाखवलं, कुलूप दाखवलं. राजसबाई कठड्याला धरून धरून तीन मजले उतरून खाली आल्या होत्या. त्याच बोलल्या.

"बालाजी, तेल तूं घातलेंस ना रे त्या वेळी?"

"मी? मी कधी घातलं?"

"आयुधपूजेला. पंचपात्र उलटें करून ओतलेंस. डिकी करकरते म्हणालास. पांढरा शर्ट होता, त्यावर डाग पडला म्हणून कीर्तनाच्या आईने बोल लावला."

बालाजीरावांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. "मला नाही आठवत, अम्मा."

पद्मनाभ तारा गुंडाळत होते, त्यांचे हात थांबले. मी सांगते, त्या क्षणी हसायला हवं होतं. ज्या मुलाने बापाला विसरभोळा ठरवलं, तो आपण केलेलं साफ विसरला होता. पण त्याची किल्ली कोणी काढून घेतली नाही. त्याला कोणी केळं, कुलूप, छत्री विचारलं नाही.

वेंकोबाराव मात्र म्हणाले, "असूं दे. तेल देवाचे होते." आणि कुलूप पेट्रोलच्या वाटीत बुडवून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासू लागले.

कळ मोकळी झाली. टिक् करून दबली, टिक् करून उठली. कुलूप परत बसवलं, फोन परत डिकीत ठेवला. या वेळी चित्रात नुसता काळोख. इतका सुंदर काळोख की कीर्तनाने तो दोनदा पाहिला म्हणे. मीटरचा काटा शून्याला टेकून बसला. बालाजीरावांनी गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हणून कळवलं. मग खिशातून दुसरी किल्लीही काढून बापाच्या हातावर ठेवली. "अप्पा, चहा घेऊं या," एवढंच म्हणाले. वेंकोबाराव "सरी" म्हणाले, म्हणजे बरं.

इथे गोष्ट संपायला हवी होती, मित्रांनो. संपली नाही.

सोमवारी वेंकोबाराव तुमच्याकडे आले, साहेब. मला घेऊनच आले. सोबत ते कुलपाचं चित्र, मीटरचे आकडे, सुवाच्य अक्षरात एक पानाचा अर्ज. नवी बॅटरी मागितली नाही. माझ्या बहिणीचे पैसेही मागितले नाहीत. एवढंच म्हणाले की ती ओळ काढा. तुम्ही पाटी पाहिलीत आणि हसून म्हणालात, "सार, बंद झालेल्या नोंदीत बदल होत नाही. सिस्टिम घेत नाही."

मेलेली बॅटरी पाच वेळा उठते, पण तुमची नोंद बदलत नाही.

शुक्रवारची फेरी झाली आणि पुढचा मंगळवार आला. चार दिवसांचा नेहमीचा उपास काढून मी तयार होते. किल्ली फिरली आणि मी पहिल्या फटक्यात गाडी उठवली. पद्मनाभांनी खिडकीतून टाळी वाजवली आणि आता तारा विकायला काढतो म्हणाले. राजसबाई बसल्या, एक पाय आत, मग दुसरा, डावा जरा हाताने ओढून. महिन्याभराचा व्यायाम बुडाला होता. डॉक्टर म्हणाले, आता सहाच्या जागी नऊ महिने लागतील.

नुंगंबाक्कमला दवाखान्यासमोर गाडी लावली. दिवे मालवले. दार लावलं. राजसबाईंना दारापर्यंत पोचवलं. मग ती पावलं परत आली. मी ओळखते ती. गाडीभोवती एक पूर्ण फेरी. पुढचे दिवे, मागचे दिवे. मग डिकी दोनदा दाबून पाहिली. मग गेली. दहा पावलांवर थांबली. आणि पुन्हा परत आली.

मित्रांनो, माझी पट्टी आतून झिजली आहे, चार वर्षं काही मी टिकत नाही. माझी काळजी घ्या असं सांगायला मी इतकं बोलले नाही. गाडी उभी राहून बॅटरी संपत असेल तर मीटर लावा, वीस मिनिटं थांबा, एक एक फ्यूज काढा, आणि डिकीत फोन ठेवा. हे शिकायला कॉलेज लागत नाही. आणि घरातलं म्हातारं माणूस 'मी केलं होतं' म्हणालं, तर आधी मोजा, मग त्याला खोटं पाडा.

गळती कुलपातली होती, ती पेट्रोलच्या एका वाटीत गेली. त्या माणसाचा स्वतःवरचा भरवसा कुठल्या वाटीत धुऊन परत आणायचा, ते मला माहीत नाही. तुम्हांला माहीत असेल तर सांगा, साहेब. नाहीतर निदान हे सांगा. जानेवारीत एकदा आणि मेमध्ये एकदा, त्या गाडीला तुम्ही मीटर लावला होतात का?

हो किंवा नाही. वेंकोबारावांच्या पत्त्यावर, लेखी, तुमच्या सहीने. आम्ही दोघंही थांबलो आहोत.